निकेलच्या टाकीत बोअरचं पाणी: चिमूटभर भेसळ मुलाम्याला ठिसूळ कशी करते?

धुळ्याहून शिरपूरकडे निघालं की मुंबई-आग्रा महामार्गालगत नरडाणा लागतं. शिंदखेडा तालुक्यातल्या या गावाची ओळख दोन गोष्टींमुळे आहे: सुरत-भुसावळ मार्गावरचं रेल्वे स्थानक आणि एमआयडीसी. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरच्या आराखड्यात धुळे-नरडाणा पट्ट्याचं नाव आहे. २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. १८,०३६ कोटी रुपयांच्या या प्रकल्पामुळे नरडाण्याची चर्चा पुन्हा सुरू झाली.

कारखाने आले की त्यांच्या मागोमाग प्लेटिंगचं जॉबवर्क येतं. बोल्टला जस्ताचा मुलामा, नळाच्या तोटीला निकेल-क्रोम, ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक रॉडला हार्ड क्रोम. काम बाहेरून सोपं दिसतं. टाकीत सोल्युशन, वरून वीज, आत जॉब आणि थोड्या वेळानं चकचकीत वस्तू बाहेर.

पण दोन वस्तू सारख्याच चमकत असल्या, तरी एक वाकवल्यावर वाकते आणि दुसरीचा मुलामा तडकतो. कधी मुलामा शाबूत राहतो आणि आतला पोलादी बोल्टच तुटतो. असं का होतं, याचं उत्तर बऱ्याचदा धातूत शिरलेल्या नगण्य वाटणाऱ्या परक्या पदार्थांमध्ये असतं. ते कुठून येतात, काय करतात आणि त्यांना कसं ओळखायचं, ते पाहू.

विजेनं धातू चढतो म्हणजे नेमकं काय होतं?

निकेलचं उदाहरण घेऊ. टाकीतल्या पाण्यात निकेल सल्फेट, निकेल क्लोराइड आणि बोरिक ॲसिड विरघळवलेलं असतं. हे मिश्रण अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ऑलिव्हर वॉट्स यांनी १९१६ साली मांडलं. आजही त्याला 'वॉट्स बाथ' म्हणतात आणि जगभरातलं बरंचसं निकेल प्लेटिंग त्याच्याच कुठल्या ना कुठल्या रूपात चालतं.

टाकीत एका बाजूला निकेलचे तुकडे लटकवतात, तो अ‍ॅनोड. ज्यावर मुलामा द्यायचा तो जॉब म्हणजे कॅथोड. रेक्टिफायरमधून डीसी वीज सोडली की पाण्यातले निकेलचे आयन जॉबवर येतात, विद्युतभार सोडतात आणि धातू होऊन तिथेच बसतात. अणूशेजारी अणू बसत बारीक स्फटिक तयार होतात. या स्फटिकांना 'ग्रेन' म्हणतात. धान्याचे दाणे खेटून भरावेत तसे हे ग्रेन एकमेकांना चिकटलेले असतात आणि दोन दाण्यांमधल्या सांध्याला ग्रेनची सीमा म्हणतात.

धातू कणखर की ठिसूळ, हे या दाण्यांच्या आकारावर आणि त्यांच्या सांध्यांच्या मजबुतीवर अवलंबून असतं. परका पदार्थ नेमका तिथेच हात घालतो.

भेसळ टाकीत येते कुठून?

मुद्दाम कुणी भेसळ करत नाही. ती रोजच्या कामातून जमा होत जाते.

- पाण्यातून: टाकीत भरलेल्या आणि जॉब धुण्याच्या पाण्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, क्लोराइड येतात.
- जॉबमधून: हँगरवरून सुटून तळाशी पडलेला लोखंडी जॉब हळूहळू विरघळतो. पितळी जॉबमधून तांबं आणि जस्त येतं.
- हँगरमधून: क्रोमच्या टाकीतून आलेल्या हँगरचं प्लॅस्टिक आवरण फाटलेलं असेल, तर भेगेत अडकलेलं क्रोम पुढच्या फेरीत निकेलमध्ये उतरतं.
- तेल आणि रसायनांतून: नीट न धुतलेलं मशीनचं तेल, पॉलिशची पेस्ट, आणि चमक आणणाऱ्या ब्राइटनरचेच वापरून झालेले तुकडे.

टाकीतलं पाणी तापवल्यामुळे रोज उडतं, तेवढं रोज वरून घालावं लागतं. पाणी उडून जातं, त्यातले क्षार मात्र मागे राहतात. चहाचं पातेलं दिवसभर उकळत ठेवून त्यात पाणी घालत राहावं, तसा हा प्रकार आहे.

खानदेशातल्या पाण्याचा इथे काय संबंध?

धुळे जिल्ह्याचा बराचसा भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर वसलेला आहे. या खडकातून झिरपलेल्या पाण्यात साधारणपणे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. हंड्याला बसणारा पांढरा थर आणि साबणाला न येणारा फेस ही त्याचीच खूण. विहीर बदलली की प्रमाण बदलतं, पण पाणी जड असण्याचा अनुभव इथे नवा नाही.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) एकूण काठिण्य प्रति लीटर २०० मिलिग्रॅमपर्यंत असावं असं म्हटलंय आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. म्हणजे पिण्यासाठी मान्य असलेलं पाणीसुद्धा निकेलच्या टाकीसाठी जड असू शकतं.

अंदाज येण्यासाठी एक हिशेब करू. समजा पाण्याचं काठिण्य ४०० मिलिग्रॅम आहे आणि ते सगळं कॅल्शियममुळे आहे. काठिण्य कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात मोजतात, त्यामुळे प्रत्यक्ष कॅल्शियम भरतं लीटरमागे सुमारे १६० मिलिग्रॅम. टाकी १,००० लीटरची आहे आणि रोज ३० लीटर पाणी उडतं. मग रोज साधारण ४.८ ग्रॅम कॅल्शियम टाकीत वाढतं. ६० अंश सेल्सिअसच्या आसपास कॅल्शियम लीटरमागे अर्ध्या ग्रॅमच्या वर गेलं, की टाकीतल्या सल्फेटशी जोडी जमवून ते कॅल्शियम सल्फेटच्या सुया तयार करतं. या टाकीत ती पातळी गाठायला सुमारे १०४ दिवस लागतील, म्हणजे साडेतीन महिने. प्रत्यक्षात काही सोल्युशन जॉबसोबत बाहेर जातं आणि काठिण्यात मॅग्नेशियमचाही वाटा असतो, त्यामुळे वेळ जास्त लागेल. दिशा मात्र तीच राहते.

या सुया जॉबवर बसतात आणि वरून निकेल चढत राहतं. मुलामा खरखरीत होतो. प्रत्येक खडबडीत गाठीपाशी ताण एकवटतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. पाण्यासोबत येणारं क्लोराइडही सरळ नसतं. निकेलच्या थरातला आतला ताण ते वाढवतं.

'आतला ताण' म्हणजे काय?

मुलामा चढताना तो आकसू पाहतो, पण खालच्या धातूला चिकटलेला असल्यामुळे आकसता येत नाही. ओल्या कागदाला खळ लावून वाळवलं की कागद वळतो, तसंच हे. १९०९ साली जी. जी. स्टोनी या अभियंत्यानं पातळ पट्टीच्या एकाच बाजूला निकेल चढवलं आणि पट्टी किती वाकते यावरून ताण मोजण्याचं सूत्र दिलं. आज मोबाइलच्या चिपवरचे थर तपासतानाही त्याच सूत्राचा आधार घेतात.

साध्या वॉट्स बाथमधल्या, ब्राइटनर न घातलेल्या निकेलमध्ये हा ताण साधारण १२५ ते १८५ मेगापास्कल असतो. सल्फामेट नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या बाथमध्ये तो शून्य ते ५५ इतका खाली आणता येतो. पण हे आकडे स्वच्छ सोल्युशनचे आहेत. तेलाचा अंश किंवा कुजलेलं ब्राइटनर शिरलं की ताण चढतो, लवचीकपणा घटतो आणि एखाद्या दिवशी मुलाम्याची पापुद्र्यासारखी साल निघते.

कुठली भेसळ काय करते?

निकेलच्या टाकीत नेहमी सापडणारे पाहुणे असे:

- लोह: पीएच थोडा वर गेला की गाळ होऊन मुलाम्यात अडकतं. थर खरखरीत आणि ठिसूळ होतो.
- तांबं: जॉबच्या खोलगट भागात, जिथे वीज कमी पोहोचते, तिथे काळपट डाग येतात. चिकटण्याची ताकद कमी होते.
- जस्त: काळ्या रेषा उमटतात, थर ठिसूळ होतो.
- शिसं: लीटरमागे काही मिलिग्रॅम असलं तरी मुलामा काळवंडतो आणि ठिसूळ होतो.
- क्रोम: याचीही काही मिलिग्रॅम मात्रा पुरते. मुलामा नीट चढत नाही, चढला तर सोलून निघतो.
- सेंद्रिय पदार्थ: तेल, डिंक, ब्राइटनरचे तुकडे. ताण वाढतो, बारीक खड्डे पडतात.

लीटरमागे मिलिग्रॅम हे प्रमाण ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण हे पदार्थ सगळीकडे सारखे पसरत नाहीत. ते वाढत्या स्फटिकाच्या पृष्ठभागावर जाऊन चिकटतात, त्याची वाढ अडवतात आणि शेवटी ग्रेनच्या सीमेवर गोळा होतात. हजार विटांच्या भिंतीत विटा उत्तम असल्या आणि सिमेंटमध्ये माती मिसळली, तर भिंत विटांच्या ताकदीची राहत नाही.

चमक आणणारं सॅकरिन हीसुद्धा भेसळच का?

साखरेऐवजी वापरलं जाणारं सॅकरिन निकेलच्या टाकीतही घालतात. त्याच्या रेणूत गंधक असतं. प्लेटिंग होताना ते मोडतं आणि गंधकाचा अंश निकेलमध्ये जातो. त्यामुळे ग्रेन अतिशय बारीक होतात, थर कठीण आणि गुळगुळीत होतो, ओढणारा ताणही कमी होतो. सोबत दुसऱ्या गटातलं ब्राइटनर घातलं की आरशासारखी चमक येते.

त्याची किंमत लवचीकपणात मोजावी लागते. साध्या वॉट्स निकेलचं काठिण्य विकर्स मोजणीत १३० ते २०० असतं आणि तुटण्याआधी ते १० ते ३० टक्के ताणलं जाऊ शकतं. चमकदार निकेल त्याच्या दुपटीहून अधिक कठीण होतं, पण ताण सोसण्याची क्षमता थोडक्या टक्क्यांवर येते.

निकेल-क्रोम मुलाम्याच्या आंतरराष्ट्रीय मानकानं (आयएसओ १४५६) ही गोष्ट आकड्यांत बांधली आहे. खालच्या, अर्ध-चमकदार निकेल थरात गंधक ०.००५ टक्क्यांपेक्षा कमी हवं आणि तो थर ८ टक्क्यांहून जास्त ताणला गेला पाहिजे. वरच्या चमकदार थरात गंधक ०.०४ टक्क्यांपेक्षा जास्त असतं. टनाच्या भाषेत सांगायचं तर एका टन निकेलमध्ये ५० ग्रॅमपेक्षा कमी गंधक असलेला थर वेगळा आणि ४०० ग्रॅमपेक्षा जास्त असलेला वेगळा. दोन्ही एकावर एक चढवतात, कारण खालच्याचा लवचीकपणा हवा असतो आणि वरच्याची चमक. शिवाय गंज लागायला सुरुवात झालीच तर वरचा थर आधी झिजतो आणि खालचा वाचतो.

म्हणजे हवी ती भेसळ, हवी तेवढी, हवी तिथे असेल तर तिला भेसळ म्हणत नाहीत. तिला कृती म्हणतात.

साडीच्या छपाईशी याचं नातं काय?

नरडाण्याहून पश्चिमेकडे जाणारी गाडी सुरतेला पोहोचते. तिथल्या कापड गिरण्यांत रोटरी छपाईची यंत्रं चालतात. त्यातली जाळीदार नळी म्हणजे रोटरी स्क्रीन. ही नळी निकेलची असते, साधारण दहावा हिस्सा मिलिमीटर जाडीची आणि बिनसांध्याची. ती पत्रा वाकवून करत नाहीत. साच्यावर विजेनं निकेल चढवतात आणि मग साच्यावरून नळी काढून घेतात. या पद्धतीला इलेक्ट्रोफॉर्मिंग म्हणतात. नेदरलँड्समधल्या स्टॉर्क कंपनीनं अशी स्क्रीन १९६३ साली बाजारात आणली.

इथे खाली दुसरा धातू नाही. चढवलेलं निकेल हीच वस्तू आहे. त्यामुळे त्यात शिरलेली भेसळ लपून राहत नाही. नळी ठिसूळ असेल तर बसवताना, हाताळताना किंवा यंत्रात ताणताना तिला चीर जाते आणि डिझाइन वाया जातं.

उष्णता मिळाली की गंधकाचा धोका आणखी वाढतो. थंड असताना गंधक ग्रेनमध्ये विखुरलेलं असतं. निकेल तापवलं की ते सरकत ग्रेनच्या सीमेवर जमतं आणि सांधे कमजोर करतं. निकेल आणि निकेल सल्फाइड यांचं मिश्रण ६४० अंशांच्या आसपास वितळतं, तर शुद्ध निकेल १,४५५ अंशांना. म्हणून गंधक असलेलं इलेक्ट्रोफॉर्म केलेलं निकेल वेल्डिंगला टिकत नाही.

अमेरिकेच्या स्पेस शटलच्या मुख्य इंजिनात ज्वलनकक्षाच्या तांब्याच्या अस्तरावर विजेनं चढवलेल्या निकेलचं कवच होतं. अशा कामात गंधक जवळजवळ नसलेलं निकेल लागतं. गंधक पूर्ण टाळता येत नसेल, तर थोडं मँगनीज सोबत चढवण्याचा उपाय आहे. मँगनीज गंधकाला धरून ठेवतं आणि सीमेवर जाऊ देत नाही. म्हणजे एका भेसळीवर दुसऱ्या भेसळीचा उतारा.

बोल्ट मुलामा दिल्यानंतर का तुटतो?

आतापर्यंतच्या उदाहरणांत मुलामा ठिसूळ होत होता. इथे मुलाम्याखालचं पोलाद ठिसूळ होतं आणि गुन्हेगार असतो हायड्रोजन.

टाकीत जाणारी सगळी वीज धातू चढवण्यात खर्च होत नाही. काही वीज पाण्यातून हायड्रोजन काढते. निकेलमध्ये हा वाटा साधारण ५ टक्के असतो. हेक्साव्हॅलंट क्रोममध्ये उलट आहे. तिथे १० ते २५ टक्के वीज क्रोम चढवते आणि उरलेल्या विजेचा बहुतेक भाग हायड्रोजनवर जातो. प्लेटिंगआधी गंज काढण्यासाठी ॲसिडमध्ये बुडवतात, त्याला पिकलिंग म्हणतात. तिथेही हायड्रोजन तयार होतो.

बराचसा हायड्रोजन बुडबुडे होऊन निघून जातो. थोडा मात्र अणुरूपात पोलादात शिरतो. हायड्रोजनचा अणू सर्वांत लहान, त्यामुळे तो लोखंडाच्या अणूंमधून वाट काढतो. बोल्ट आवळला की ताण जिथे जास्त, म्हणजे आट्यांच्या तळाशी आणि डोक्याच्या खाली, तिथे तो गोळा होतो. काही तासांनी किंवा दिवसांनी बोल्ट अचानक तुटतो. आवळताना काहीच चुकलेलं नसतं.

हा उशीर किती महागात पडतो, हे २०१३ मध्ये अमेरिकेत दिसलं. सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड बे ब्रिजच्या नव्या पूर्वेकडील पुलावर ९६ उच्च-ताकदीच्या सळ्या ताणून बसवल्या आणि पुढच्या काही दिवसांत त्यातल्या ३२ तुटल्या. त्या सळ्यांना जस्त विजेनं दिलेलं नव्हतं, वितळलेल्या जस्तात बुडवून दिलेलं होतं. पण तुटण्याचं कारण हायड्रोजनमुळे आलेला ठिसूळपणाच होता.

सगळ्या बोल्टना हा धोका नसतो. पोलाद जितकं कठीण, तितका धोका जास्त. बोल्टच्या डोक्यावरचा आकडा पाहा:

- ८.८: ताकद साधारण ८०० मेगापास्कल. धोका सहसा कमी.
- १०.९: ताकद १,०४० मेगापास्कलच्या वर. काळजी घ्यावी.
- १२.९: ताकद १,२२० मेगापास्कलच्या वर. सर्वाधिक धोका.

यावर उपाय म्हणजे बेकिंग. मुलामा दिल्यावर चार तासांच्या आत जॉब भट्टीत ठेवतात आणि साधारण १९० ते २२० अंशांना अनेक तास तापवतात. पोलाद किती कठीण यावर वेळ ठरते आणि ती २४ तासांपर्यंतही जाते. हायड्रोजनला बाहेर पडायला किंवा निरुपद्रवी जागी अडकून बसायला वेळ मिळतो. उशीर केला आणि आत बारीक तडा गेला, तर नंतरचं बेकिंग तो तडा भरून काढत नाही.

ट्रॅक्टरच्या किंवा ट्रकच्या चाकाचा, स्टिअरिंगचा, जोडणीचा १२.९ चा काळा बोल्ट 'गंजू नये म्हणून' जवळच्या दुकानातून चकचकीत करून आणणं म्हणूनच धोक्याचं आहे. बेकिंगशिवाय तो गंजलेल्या बोल्टपेक्षाही बेभरवशाचा ठरू शकतो.

शेतातल्या पंपाच्या मोटरपर्यंत ही गोष्ट कशी पोहोचते?

खानदेशात केळी आणि कापूस विहिरीवर, बोअरवर अवलंबून. मोटर जळली की वाइंडिंगवाल्याकडे जावं लागतं. त्या तांब्याच्या तारेचा जन्मही विजेच्या टाकीतच झालेला असतो. अशुद्ध तांब्याचे जाड पत्रे ॲसिडच्या टाकीत अ‍ॅनोड म्हणून लावतात आणि समोर शुद्ध तांबं कॅथोडवर चढतं. हे कॅथोड वितळवून ८ मिलिमीटर जाडीची सळी करतात आणि ती ओढत ओढत बारीक तार होते. रायगड जिल्ह्यातल्या तळोज्याचा हिंदुस्थान कॉपरचा कारखाना अशी सळी करण्यासाठीच उभारला गेला.

तार ओढताना तुटू नये म्हणून कॅथोडच्या शुद्धतेची मर्यादा फार कडक असते. युरोपीय मानकातल्या पहिल्या प्रतीच्या कॅथोडमध्ये बिस्मथ, सेलेनियम आणि टेल्युरियम प्रत्येकी दहा लाखांत २ भागांपर्यंत चालतात आणि तिघांची बेरीज ३ च्या वर जाता कामा नये. म्हणजे एका टन तांब्यात तिन्ही मिळून फक्त ३ ग्रॅम. शिशाला ५ ग्रॅम, गंधकाला १५ ग्रॅम. चांदीला मात्र २५ ग्रॅमपर्यंत सूट आहे, कारण ती तांब्यात सहज मिसळून राहते आणि सांधे बिघडवत नाही.

बिस्मथ नेमकं उलट वागतं. ते तांब्यात मिसळत नाही आणि ग्रेनच्या सीमेवर पातळ पडदा धरतं. मग एरवी मऊ असलेलं तांबं काचेसारखं सांध्यातून फुटतं.

सोन्याचा मुलामा मुद्दाम अशुद्ध का ठेवतात?

जळगावच्या सराफ बाजारात विचारलं तर कोणताही जुना कारागीर सांगेल की सोन्यात शिसं गेलं की पत्रा ओढताना फाटतो. विज्ञानानं हे दोनशे वर्षांपूर्वी तपासलं. इंग्लंडच्या चार्ल्स हॅचेट यांनी १८०३ साली सोन्याच्या मिश्रणांवरचे प्रयोग मांडले. बिस्मथ आणि शिसं यांची अत्यल्प मात्राही सोन्याला ठिसूळ करते, असं त्यात दिसलं. १८८८ मध्ये रॉबर्ट्स-ऑस्टिन यांनी सोन्यात सुमारे ०.२ टक्के निरनिराळी मूलद्रव्यं मिसळून त्याची ताकद मोजली. परक्या अणूचा आकार मोठा असला तर सोनं कमजोर होतं, असा त्यांचा निष्कर्ष होता.

पण विजेनं चढवलेलं अतिशुद्ध सोनं फार मऊ असतं. मोबाइलचं सिमकार्ड, चार्जरची पिन, कॉम्प्युटरचे कनेक्टर सारखे घासले जातात, तिथे ते झिजून जाईल. म्हणून त्या सोन्यात कोबाल्ट किंवा निकेल एक-दोन दशांश टक्के ठेवतात. काठिण्य मोजण्याच्या नूप पद्धतीत मऊ सोनं ९० च्या आत असतं, तर हे कडक सोनं १३० ते २०० पर्यंत जातं. तेच कडक सोनं चिपला तार जोडण्याच्या जागी चालत नाही. तिथे तार दाबून बसायला मऊ, शुद्ध सोनंच हवं.

शुद्ध चांगलं आणि अशुद्ध वाईट, हा साधा नियम इथे कोलमडतो. वस्तूला काय काम करायचं आहे, यावर तिच्यात काय असावं हे ठरतं.

नुसतं पाहून कळतं का?

नाही, आणि चमक तर अनेकदा फसवते. पण तपासण्याच्या काही पद्धती लहान युनिटलाही जमण्याजोग्या आहेत.

हल सेल: तिरप्या भिंतीचा छोटा डबा, २६७ मिलिलीटरचा. रिचर्ड हल यांनी १९३०च्या दशकात तो तयार केला. त्यात टाकीतलं सोल्युशन घेऊन एका पत्र्यावर काही मिनिटं मुलामा देतात. पत्र्याचं एक टोक अ‍ॅनोडच्या जवळ आणि दुसरं लांब असल्यामुळे कमी-जास्त विजेचे सगळे परिणाम एकाच पट्टीवर दिसतात. कमी विजेच्या टोकाला काळेपणा आला तर तांबं किंवा जस्त असण्याची शक्यता, असं सरावानं ओळखता येतं.

वाकवून पाहणं: पॉलिश केलेल्या स्टेनलेस पत्र्यावर निकेल चढवून पापुद्रा सोलून घेतात. तो मायक्रोमीटरच्या जबड्यात घडी घालून हळूहळू दाबतात आणि कधी तुटतो ते पाहतात. पापुद्र्याची जाडी आणि तुटतानाची घडी यावरून लवचीकपणा काढता येतो.

बोल्टची परीक्षा: हायड्रोजनसाठी खाच पाडलेल्या नमुन्यावर त्याच्या ताकदीच्या ७५ टक्के भार २०० तास टांगून ठेवतात. तुटला नाही तर पास.

सोल्युशन बिघडलंच तर ते साफ करता येतं. सेंद्रिय घाण ॲक्टिव्हेटेड कार्बननं काढतात. लोहासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड घालतात, पीएच वाढवतात आणि गाळून घेतात. तांबं आणि जस्त काढायला पन्हाळीदार पत्रा लावून अगदी कमी विजेवर टाकी तासन् तास चालवतात. याला 'डमी' लावणं म्हणतात. घाण त्या पत्र्यावर चढते आणि पत्रा बाजूला काढतात.

टाकी ओतून देणं हा उपाय नाही. प्लेटिंगचा गाळ २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतो. निकेल आणि क्रोम असलेलं पाणी नाल्यात गेलं तर ते झिरपून त्याच विहिरींकडे वळतं, जिथून टाकीचं आणि गावाचं पाणी येतं.

काम देताना काय विचाराल?

तुम्ही छोटे उद्योजक असाल, शेतीची अवजारं बनवत असाल किंवा नुसते ग्राहक असाल, तर प्लेटिंगवाल्याला हे प्रश्न विचारता येतील:

१. टाकीत आणि शेवटच्या धुण्याला कोणतं पाणी वापरता? आरओ किंवा डीएम प्लांट आहे का?
२. हल सेलचा पत्रा शेवटचा कधी काढला? दाखवता का?
३. कार्बन ट्रीटमेंट किती दिवसांनी होते?
४. १०.९ किंवा १२.९ च्या मालाला बेकिंग करता का? किती तासांच्या आत, किती अंशांना, किती वेळ?
५. जॉब नंतर वाकवायचा, तापवायचा किंवा वेल्ड करायचा असेल, तर त्यासाठी कमी गंधकाचं निकेल आहे का?

ही उत्तरं मिळवायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. वहीतल्या नोंदी पुरतात. नरडाण्यासारख्या वाढत्या वसाहतीत नवं युनिट उभं राहताना शेडचं भाडं, वीज आणि कामगार यांचा हिशेब होतोच. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा खर्च त्याच कागदावर पहिल्या दिवशी लिहिला, तर साडेतीन महिन्यांनी परत आलेल्या मालाचा हिशेब लिहिण्याची वेळ टळते.